कात्रण जोडावे

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागला. एक वाजून चाळीस मिनिटांनी विंचूरहून ताईचा फोन आला. तिच्या मुलीला, समीक्षाला, ९१.४० टक्के मिळाले होते. ताईने माझे अभिनंदन पुरते ऐकूनही घेतले नाही. म्हणाली, “वैशे, पेपरात बातमी पाहिजे. मोठी. फोटोसकट.”

मी नाशिकच्या एका दैनिकात बातम्या तपासते. पंधरा वर्षे झाली. या काळात ताईने माझ्याकडे कधी काही मागितलेले नाही. वर्तमानपत्र तर तिच्या घरात येतच नाही. त्यामुळे मी विचारले, कशासाठी.

समीक्षाला नाशिकला डिप्लोमा करायचा आहे. गुण पाहता प्रवेश मिळेल, राहण्याची सोय मात्र नाही. एक संस्था मुलींसाठी विनामूल्य वसतिगृह चालवते. तिचा छापील अर्ज ताईने मला फोनवर वाचून दाखवला. नाव, पत्ता, गुण, जात, उत्पन्न, आणि शेवटी चौदावा रकाना: ‘विद्यार्थिनीच्या परिस्थितीविषयी वृत्तपत्रात बातमी प्रसिद्ध झाली असल्यास कात्रण जोडावे.’

“जोडलं नाही तर चालतं का, विचारलंस?”

“इचारलं. बाई म्हणल्या, चालतं. पण मागल्या वर्षी ज्यांचं जोडलेलं होतं त्यांचेच नंबर लागले.”

“माझ्याकडे ठेव तिला.”

“तुझ्याकडं दोन खोल्या, सासू-सासरे. पाहुण्याच्या घरी पोरगी शिकत नाय वैशे, भांडी घासती.” मग तिने विचारले, “देशील ना बातमी?”

मी उद्या सांगते म्हणाले.

निकालाच्या दिवसांत आमच्या कार्यालयात पेढ्यांचा वास असतो. पेढे खासगी क्लासवाले पाठवतात. खोक्याखाली त्यांच्या गुणवंतांची यादी असते. बाहेर डांबर मऊ झालेले असते. कॉलेज रोडवर चौकाचौकात मुलांच्या पासपोर्ट फोटोंचे फलक लागतात आणि दोन दिवसांत उन्हाने फिके पडतात. आत वार्ताहरांना गरीब शोधून आणायला पाठवलेले असते. पहिला आलेला मुलगा कोणाला नको असतो, कारण तो बहुतेक वेळा डॉक्टरचा निघतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी चालते. रिक्षा चालते, पण रिक्षा फार झाल्या. वडील नसले तर उत्तम. आई नसून वडील असले तर थोडे कमी. दोघेही असतील, कमावत असतील आणि तरी पुरत नसेल, तर त्याची बातमी होत नाही. ती सगळ्यांचीच परिस्थिती असते.

परिस्थिती हा आमचा आवडता शब्द आहे. गरिबी म्हटले की ती कोणीतरी आणली असेल अशी शंका येते. परिस्थिती हवेसारखी असते, आपोआप येते. मुलाने तिच्यावर मात करायची, वाचकाने चहाबरोबर ती वाचायची आणि आपल्या मुलाला म्हणायचे, बघ, शिक काहीतरी. या बातम्या गरिबांसाठी छापत नाहीत. त्या पासष्ट टक्के मिळवून पंख्याखाली लोळणाऱ्या मुलांच्या आयांसाठी छापतात. पंधरा वर्षांत अशा बातम्यांना मी किती मथळे दिले ते मोजलेले नाही. जिद्द हा शब्द पुष्कळांत आहे.

बावीस वर्षांपूर्वी याच दिवसांत मला दहावीला नव्वद टक्के मिळाले आणि माझी बातमी छापून आली.

आम्ही सातपूरला एका चाळीत राहत होतो. दहा खोल्या, समोर एक नळ, वर पत्रे. मे महिन्यात पत्रा तडतड वाजायचा आणि आई दुपारी ओले पोते टाकून त्यावर आम्हाला झोपवायची. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल चढवायचे. तो कारखाना बंद पडून दोन वर्षे झाली होती. ही गोष्ट घराबाहेर सांगितलेली नव्हती.

काटकसर केली की गरिबी निभते, असे ज्यांना वाटते ते गरीब नसतात. गरिबीत मोठा खर्च होतो तो ती लपवण्यावर. महिनाअखेरीला घरात शिजवायला काही नसले तर आई कुकरमध्ये नुसते पाणी ठेवायची आणि तीन शिट्ट्या घ्यायची. शेजारी शिट्ट्या मोजतात, हे तिला माहीत होते; तीही मोजायची. त्यात रॉकेल जळायचे. त्या गरम पाण्याने ती मग तेलकट भांडी धुवायची, म्हणजे अगदीच वाया गेले नाही. कधी ती तव्यावर थेंबभर तेलात मोहरी आणि लसूण टाकायची. वास दारातून बाहेर गेला की तवा उतरवायची. आम्ही दोघी बहिणी चहात बुडवून पाव खायचो आणि बाहेर येऊन तोंड पुसायचो. पुसायचे बाहेर, असे तिने बजावलेले असे.

बाबा रोज सकाळी सात वाजता कंपनीचा खाकी सदरा घालून, डबा घेऊन निघायचे आणि साडेपाचला परत यायचे. मधला वेळ ते पांडवलेण्यांच्या पायथ्याशी झाडाखाली बसायचे. डब्यात कधी भाकरी असे, कधी काही नसे. रिकामा डबा वाजतो, म्हणून आई त्यात एक फडके घालून द्यायची. कुठे मजुरी मिळाली तर बाबा ती करायचे, पण सदरा पिशवीत ठेवून. चाळीत असे चौघे होते. चौघांनाही एकमेकांचे माहीत होते. म्हणून चौघे वेगवेगळ्या रस्त्यांनी जायचे आणि संध्याकाळी नळावर भेटले की ओव्हरटाइमबद्दल बोलायचे.

आणखी एक व्यवस्था होती. चाळीत सोनेरी काठाचे सहा कप होते. ते मूळचे कोणाचे, हे कोणी सांगू शकत नसे. कोणाकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की ते कप त्या घरी जायचे. त्यांच्याबरोबर चार नंबरच्या खोलीतली दोन खुर्च्यांची जोडी, सात नंबरचा टेबलफॅन आणि कोणाची तरी फुलांची चादर. कार्यक्रम झाला की सगळे धुऊन परत. दहा खोल्यांतल्या सगळ्या मुली त्याच सहा कपांतून चहा देऊन पसंत किंवा नापसंत झाल्या. पाहुण्यांना हे कधी कळले नाही. आपण किती मोठ्या कटाचा चहा पितो आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

त्या जूनमध्ये कप आमच्याकडे होते. ताई वीस वर्षांची होती आणि चांदवडच्या एका घरातून तिला पसंती आली होती. मुलगा एका दुकानात हिशेब लिहायचा, घरी थोडी जमीन होती. ‘मुलीचे वडील कंपनीत आहेत’ असे मध्यस्थाने सांगितले होते. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्के व्हायचे होते.

अशा वेळी वार्ताहर आला. शाळेने नाव कळवले होते. तिशीचा माणूस, खांद्याला कॅमेरा, शर्टाच्या खिशात दोन पेने. आईने त्याला खुर्चीवर बसवले, पंखा त्याच्याकडे वळवला आणि सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. त्याने खोलीभर पाहिले. त्याचा चेहरा पडला.

“वडील काय करतात?”

“कंपनीत आहेत,” आई म्हणाली. “पर्मनंट.”

“आणि तुम्ही?”

“मी घरीच. यांना आवडत नाही बाहेर काम केलेलं.”

आई तेव्हा दोन बंगल्यांत स्वयंपाक करत होती. वार्ताहराने वहीत एक ओळ लिहिली आणि थांबला. मग फोटोची तयारी सुरू झाली. “तेवढे कप काढा, मावशी. खुर्च्या पण. फॅन नको.”

“का हो? चांगला आहे की फॅन.”

“चांगला आहे म्हणूनच.”

आईला ते कळले नाही. चाळीभर फिरून जमवलेले घर हा माणूस का मोडतो आहे, हे तिला शेवटपर्यंत समजले नाही. सामान हलवायला ती नाहीच म्हणाली. तेव्हा त्याने मला बाहेर नेले. रस्त्याच्या कडेला दिव्याचा खांब होता. सकाळचे अकरा वाजले होते. त्याने मला खांबाखाली पुस्तक घेऊन बसायला सांगितले. दिवा बंद होता. फोटोत ते कळत नाही. छायाचित्राखाली नंतर आले: ‘रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करताना’.

तिथे त्याने पुन्हा विचारले, “घरी काही अडचण नाहीच का? काहीच?” त्याचे पेन वहीवर टेकलेले होते आणि चालत नव्हते. ते चालावे, एवढ्यासाठी मी सांगितले. कंपनी बंद आहे. दोन वर्षे. बाबा डबा घेऊन जातात आणि लेण्यांखाली बसतात. चाळीतले आणखी तिघेही तसेच जातात. पेन भराभर चालू लागले. मला बरे वाटले. त्या बरे वाटण्याचाच मी पुढे व्यवसाय केला.

बातमी तिसऱ्या दिवशी आली. मथळा होता, ‘रिकामा डबा, भरलेली जिद्द’. सहा वाजता पेपर आला आणि सात वाजता बाबा सदरा घालून बाहेर पडले. नळापर्यंत गेले. नळावर बायका होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, “भाऊ, आज सुट्टी घ्या. पेपरात आलाय तुम्ही.” ती चेष्टा करत होती की दया, हे तिच्या आवाजावरून कळले नाही. बाबा परत आले आणि डबा फळीवर ठेवला. त्या दिवशी चाळीतले ते तिघेही बाहेर पडले नाहीत.

मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ आणि भाषण. एका मंडळाने भिंतीवरचे घड्याळ दिले, दुसऱ्यानेही घड्याळच दिले. व्यासपीठावरचा प्रत्येक माणूस सांगायचा, गरिबी हा शाप नसून संधी आहे. ही संधी त्यांनी स्वतःच्या मुलांना का दिली नाही, हे कोणी विचारायचे नसते. जूनच्या उकाड्यात खोलीत सात शाली जमल्या. नारळ मात्र कामाला आले. आईने आठवडाभर नारळाची चटणी केली आणि या वेळी कोणाला वास द्यावा लागला नाही. नारळ किती आले ते सगळ्यांना ठाऊक होते.

चांदवडचे व्याही होणारे गृहस्थ एकटेच आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेला पेपर. बातमीनंतर कप चार नंबरच्या खोलीत परत गेले होते; ते मागायला आईने ताईला तिकडे पाठवले. ताई रिकाम्या हाताने परत आली. चार नंबरचा माणूस त्या तिघांपैकी एक होता. पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात दिला.

त्यांनी चहा पूर्ण प्यायला. मग बाबांना विचारले, “डबा घेऊन कुठं बसायचात?”

“लेण्यांच्या खाली.”

“पाणी असतं का तिथं?”

“नळ आहे.”

“मग बरंय.” त्यांनी पेला खाली ठेवला. “काम नाय ही काय लाजायची गोष्ट नाय, भाऊ. आमचा थोरला वरीसभर घरीच हुता. गावात सांगितलं, पुण्याला हाय. दाढी करायला बी रात्रीचा बाहेर पडायचा. तुम्ही आम्हाला खोटं सांगितलं त्याचं बी काय नाय. सगळेच सांगत्यात.”

“मग?” आईने दाराआडून विचारले.

“छापून आलं ना, बाई. आमच्या भावकीत चार घरी पेपर येतो. आता मी म्हणलं तरी कोण ऐकतंय.” उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पोरीचे मार्क मात्र चांगलेत.”

गरीब असणे त्यांना चालले असते. खोटे बोलणेही चालले असते. छापून येणे चालले नाही. पुढे पत्रकारितेच्या वर्गात बातमीच्या परिणामांवर दोन तास शिकवले. त्यात हे नव्हते.

ताईने त्या दिवशी साडी घडी करून ठेवली. जुलैपासून ती एका पाकिटे भरायच्या कारखान्यात जाऊ लागली. माझे कॉलेज तिच्या पगारावर झाले. चार वर्षांनी तिचे लग्न विंचूरला झाले. दाजी टेम्पो चालवायचे. गेल्या दिवाळीपासून मणक्याच्या दुखण्याने ते घरी आहेत. ताई एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये कांदा निवडते, लहान-मोठा, जोड, सडका वेगळा करते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आता डोळ्यांना पाणी येत नाही, असे ती म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून सांगितले की ही बातमी मला द्यायची नाही. सख्ख्या भाचीची बातमी देणे नियमात बसत नाही, असे कारण दिले. ते खरे आहे.

“नियम,” ताई म्हणाली. “बरं.”

“तुला आठवत नाही का तेव्हा काय झालं?”

“मला नाय आठवणार तर कुणाला आठवंल? तेव्हा लपवायचं होतं तर तू बोललीस. आता बोलायचं हाय तर तुला लाज वाटती.” मागे पाखडल्यासारखा आवाज येत होता, ती शेडमध्येच होती. “माझं मोडलं म्हणून तिचं बी मोडायचं का? सांग तसं. शेवटची तारीख शनिवार हाय.”

मी बुधवारी फोटोग्राफर बबनरावांना घेऊन विंचूरला गेले. ते पन्नाशीचे आहेत आणि असे शेकडो फोटो त्यांनी काढले आहेत. रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर लागले होते. गाडीच्या काचा बंद असूनही वास आत आला. ताईच्या घरापुढे पोहोचलो तेव्हा ती आणि शेजारची म्हातारी टीव्ही उचलून बाहेर नेत होत्या. मिक्सर आधीच गेला होता. पंखा छताला होता, म्हणून राहिला.

“अवो पेपरवाल्या बाई, सरका,” म्हातारी म्हणाली. “आमच्या टायमाला पाहुणे आले की वस्तू आणायचो. आता बाहेर काढाव्या लागत्यात. जमाना सुधारला.”

दाजी खाटेवर होते. ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी त्यांना विचारले, तुमच्याबद्दल काय लिहू. ते वळले नाहीत. “जे हाय ते लिहा. तुमच्या ताईनं सांगितलंय, उठून बसायचं नाय.”

समीक्षा दारात उभी होती, नवा ड्रेस घालून. ताईने तिला आत पाठवले आणि शाळेचा ड्रेस घालायला लावला. पोरीने कपाळाला आठी घातली. “मम्मी, मला कांदे निवडताना फोटो नको. मी कुठं निवडते?”

“सुट्टीत निवडले ना दोन दिवस?”

“दोनच.”

“मग निवडते असंच म्हणत्यात त्याला.”

बबनरावांनी खोलीभर पाहिले. मला तो चेहरा ओळखीचा होता. “ताई,” ते म्हणाले, “चूल नाही का घरात?”

“गॅस हाय.” ताईने माझ्याकडे पाहिलेही नाही. “म्हातारीची हाय मागल्या अंगाला. पेटवू का?”

मी त्यांना थांबवू शकले असते. वहीत मी लिहिले होते: गॅस आहे, टीव्ही आहे, मिक्सर आहे, वडील सात महिने अंथरुणावर, आई दहा तास उभी. एवढ्यावर बातमी होते, असे मी मनात म्हटले. मग मला चौदावा रकाना आठवला, आणि तो भरणाऱ्या दुसऱ्या मुलींची घरे, ज्यांत कोणीतरी टीव्ही बाहेर नेलाच असेल. म्हातारीने लाकडे आणली. धूर झाला. ताई चुलीपुढे बसली, डोळ्यांना पदर लावला. कांद्याने न येणारे पाणी धुराने आले. बबनराव म्हणाले, “बास, असंच.” समीक्षा बाजूला पुस्तक घेऊन बसली आणि खोकत राहिली.

निघताना ताई गाडीपर्यंत आली. “नाव टाकशील का तुझं?”

“नाही.”

“नको टाकू,” ती म्हणाली. “दाजींचं टाक. पूर्ण. वडलांच्या नावासकट. गावात कोण इचारतंय आता.”

बातमी मीच लिहिली. भाचीचा संबंध संपादकांना सांगितला. ते म्हणाले, विषय चांगला आहे, जाऊ दे. वर ‘प्रतिनिधी’ गेले. मथळा दुसऱ्याने दिला. त्यात जिद्द होती. बातमी शुक्रवारी पान पाचवर चार कॉलममध्ये आली. चूल ताईची नाही, हे छायाचित्राखाली लिहिलेले नव्हते.

ताईने त्या दिवशी विंचूरच्या स्टँडवर पेपर विकत घेतला, तीन प्रती. शनिवारी ती आणि समीक्षा पहिल्या गाडीने नाशिकला आल्या. मी वसतिगृहाच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर होते. टेबलामागच्या बाईंनी अर्ज उलटला, कात्रण वाचले, छायाचित्र थोडे जवळ धरून पाहिले आणि शिक्का मारला. गुणपत्रिका पाहिली नाही. त्या ताईला म्हणाल्या, “मुलीला जपा.” ताई म्हणाली, “हो.”

यादी सतरा दिवसांनी फाटकावर लागली. जागा बारा होत्या. समीक्षाचे नाव चौथे आहे.